उजवीकडचा भांग

स्मृतिदिनाची पत्रिका नगरपालिकेचा शिपाई दारात टाकून गेला, की डागवाल्यांचे गुडघे दुखायला लागत. बायको म्हणायची, "तुमच्या गुडघ्यांना वाचता येतं." सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी एकही सभा चुकवली नव्हती. वाचनालयाच्या सभागृहात तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरायची, नगराध्यक्ष बदलले तरी न बदललेलं भाषण ऐकायचं, समोरच्या टेबलावर उभ्या केलेल्या फोटोकडे शक्यतो बघायचं नाही, आणि लोक उठायच्या आत उठून घर गाठायचं. घरी आल्यावर ते चहाही न घेता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बायकोनं पहिली दहा-बारा वर्षं कारण विचारलं, मग तीही कंटाळली.

फोटो गावच्या वैमानिकाचा होता. या गावानं वकील दिले, ठेकेदार दिले, पण लढाऊ विमान चालवणारा एकच दिला. युद्धाच्या चौथ्या दिवशी सकाळी तो उडाला आणि परत आला नाही. विमान सापडलं नाही, तोही सापडला नाही. घरी आली ती एक लोखंडी पेटी. तिच्यात दोन जोड कपडे, दाढीचं सामान, गणवेशाचा जादा कोट आणि आईला 'नवा चष्मा घे' म्हणून बजावणारं अर्धवट पत्र. वय सत्तावीस. ज्याचं काहीच परत येत नाही त्याचा फोटो हेच घरच्यांना सगळं असतं, आणि तो फोटो डागवाल्यांनी केला होता. काढला नव्हता, केला होता.

डागवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. स्टेशनसमोरच्या फोटो स्टुडिओत ते चाळीस वर्षं रिटचिंग करत, म्हणजे लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढत. खिडकीपाशी तिरपं मेज, मेजाला काच, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं आणि काळं ते पांढरं. सुरकुती तिथं उजळ रेघ होऊन बसलेली असते. तिच्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले, की छापलेल्या फोटोत सुरकुती गायब. मुरमं, व्रण, डोळ्यांखालची काळजी, सगळं ते ठिपक्याठिपक्यानं बुजवून टाकत. गावातली निम्मी लग्नं यांच्या पेन्सिलीनं जमवली, असं स्टुडिओचा मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. आणि उरलेली निम्मी प्रत्यक्ष बघितल्यावर मोडली, असं डागवाल्यांची बायको सांगायची.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्याला ठाऊक नसते. निगेटिव्हच्या चकचकीत बाजूवर पेन्सिल धरत नाही, ती खरखरीत बाजूवरच चालवावी लागते. आणि त्या बाजूनं बघितलं की माणूस उलटा दिसतो, डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं. डागवाले दिवसाचे नऊ तास अख्ख्या गावाला असं उलटं बघत. रस्त्यात कोणी सुलटा भेटला, की त्यांना क्षणभर ओळख पटायची नाही. पोस्टमास्तरांचा तीळ कुठल्या गालावर आहे यावर त्यांनी एकदा पैज लावली होती, छातीठोकपणे, आणि सपशेल हरले होते. लोक हसले, तेही हसले.

वैमानिक शेवटच्या रजेवर आला होता तेव्हा स्टुडिओत येऊन फोटो काढून गेला होता. अंगात साधा सदरा, डावीकडे पाडलेला भांग, डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची आडवी खूण, आणि हसताना किंचित बारीक होणारा डावा डोळा. मालकानं विचारलं, "गणवेश नाही आणलास?" तर म्हणाला, "पुढच्या रजेला. आता इस्त्री करत कोण बसणार?" तो आणि डागवाले शाळेत एका वर्गाच्या अंतरानं होते. जाता जाता तो मेजापाशी थांबला आणि म्हणाला, "माझे डाग काढू नकोस हं." डागवाल्यांनी खरोखरच त्या निगेटिव्हला पेन्सिल लावली नाही.

बातमी आली तेव्हा नगरपालिकेनं शोकसभा ठरवली. सभेच्या तीन दिवस आधी वैमानिकाची आई पेटीतला कोट हातावर घेऊन स्टुडिओत आली. गावात सगळे तिला मावशीच म्हणत. "मला तो गणवेशात पाहिजे," एवढंच ती बोलली. मालकानं डागवाल्यांकडे बघितलं. अंगकाठी सारखी होती, म्हणजे मालकाच्या मते. खरं तर कोट खांद्यांत दोन बोटं सैल होत होता. डागवाल्यांना कोट चढवून कॅमेऱ्यासमोर बसवलं. मावशीनं स्वतः पुढं होऊन बटणं लावली, कॉलर सरळ केली, डाव्या छातीवर शिवलेले वैमानिकाचे पंख तळव्यानं सपाट केले. सव्वीस वर्षांचे डागवाले दुसऱ्याच्या आईसमोर दुसऱ्याच्या कोटात बसून रडायला लागले. मावशी म्हणाली, "हलू नको बाबा. फोटो हलेल."

पुढचे दोन दिवस ते मेजावरून उठले नाहीत. सदऱ्यातल्या फोटोतलं डोकं कापून कोटातल्या धडावर चिकटवलं, मानेचा सांधा ब्रशनं बुजवला, त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढून नवी निगेटिव्ह केली आणि तिच्यावर पेन्सिल घेऊन बसले. खरखरीत बाजूनं, अर्थातच. सभेच्या दिवशी सकाळी मोठा फोटो छापायची वेळ आली तेव्हा डोळे पार शिणले होते. एनलार्जरमध्ये त्यांनी निगेटिव्ह घातली ती पालथी घातली. छापून आलेला चेहरा त्यांनी निरखला आणि तो त्यांना अगदी बरोबर वाटला, कारण दोन दिवस ते तो तसाच तर बघत होते. दुसऱ्या कोणाच्या हातून हे झालं असतं तर पहिल्याच नजरेत लक्षात आलं असतं. मालक त्या सकाळी चौकटवाल्याच्या मागे लागला होता. त्यानं फक्त काच पुसली. दोन प्रती निघाल्या, एक वाचनालयात लागली, एक मावशीच्या घरी गेली.

आठवड्यानं मेज आवरताना तो चिकटवलेला मूळ तुकडा हाती लागला. त्यात भांग डावीकडे. भिंतीवरच्या फोटोत भांग उजवीकडे, भुवईची खूण उजवीकडे, पंखसुद्धा उजव्या छातीवर. डागवाले तुकडा घेऊन तसेच मालकाकडे गेले. मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. भिंतीवर चढलेला माणूस आता खाली उतरवशील, तर त्या माउलीचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल." डागवाल्यांना हे बोलणं फार समंजस वाटलं. भित्र्या माणसाला गप्प बसण्याचा सल्ला नेहमीच समंजस वाटतो.

मग मूठ झाकलेलीच राहिली. स्मृतिदिनाला फोटोपुढं पुष्पचक्र उभं करत, त्यामागं छाती झाकून जायची. बाकी वर्षभर फोटो वर्तमानपत्रांच्या कपाटावर, हात पोचणार नाही आणि झाडूही पोचणार नाही अशा उंचीवर. गावाला चेहरा पाठ झाला तो उजवीकडच्या भांगाचा. शाळेच्या अहवालात तोच, चौकातल्या पाटीवर तोच. आणि ज्या छातीपुढं गाव दरवर्षी मान झुकवायचं ती छाती तिसऱ्या रांगेत कडेला बसून खोकत असायची. गंमतच म्हणायची, पण डागवाल्यांना हसू आलं नाही कधी.

मावशीच्या घराची पायरी त्यांनी चढली नाही. ती बाजारात समोरून आली तर हे गल्ली बदलायचे. अकरा वर्षांनी ती गेली तेव्हा ते लोकांच्या अगदी शेवटी चालले. पुढं मालक गेला, स्टुडिओ गेला, त्या जागी मोबाईलचं दुकान आलं, आणि निगेटिव्हांचे खोके डागवाल्यांच्या खाटेखाली आले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, राहू द्या. ते त्र्याहत्तर वर्षांचे झाले होते आणि थकले होते. गुपित सांभाळणं हे काही ओझ्याचं काम नव्हे, पण त्याला सुट्टी नसते.

अशात नगरपालिकेनं चौकात वैमानिकाचा पुतळा उभारायचं ठरवलं. वरातीमागून घोडं म्हणा, पण निघालं खरं. स्मृतिदिनाला तीन महिने असताना एका सकाळी नगरपालिकेचा कारकून दारात उभा राहिला. सोबत पुतळा करणाऱ्या शिल्पकार बाई, चाळिशीच्या, नखांत माती. बायकोनं दोन खुर्च्या पुसून दिल्या आणि ती चहा करायला आत गेली. डागवाले खाटेवरच बसून राहिले.

"काका, मातीचा पुतळा पुरा झालाय," शिल्पकार बाई म्हणाल्या. "सोमवारी त्याचा साचा घेणार. एकदा साचा घेऊन धातू ओतला, की मग काही बदलता येत नाही. म्हणून विचारायला आले. नियमानं पंख डाव्या छातीवर असतात. फोटोत ते उजवीकडे आहेत. बटणंही उलटी आहेत."

"मी यांना शंभरदा सांगितलंय," कारकून म्हणाला, "फोटोत आहे तसं करा. उद्या पुतळा समिती माझ्या नावानं खडे फोडेल."

"मूळ निगेटिव्ह असेल तर बघायला मिळेल का?" बाईंनी विचारलं. "स्टुडिओचं सामान तुमच्याकडे आलं असं कळलं."

खोके खाटेखालीच होते. डागवाल्यांची टाच एका खोक्याला लागत होती. त्यांनी पाय हळूच पुढं घेतला. "नाही," ते म्हणाले. "आता कुठलं काय राहिलंय. फोटोत आहे तसंच करा."

कारकुनाचा जीव भांड्यात पडला. शिल्पकार बाई चिठ्ठीवर फोन नंबर लिहून ठेवून गेल्या. चहा तसाच राहिला.

बायको आतून बाहेर आली आणि कपांकडे न बघता खाटेखाली बघायला लागली. "मी आत होते, बहिरी नव्हते," ती म्हणाली. "एवढा डोंगर आहे इथं, आणि तुम्ही नाही म्हणालात. काय भानगड आहे?"

डागवाल्यांनी सांगून टाकलं. धीर आला म्हणून नव्हे. आता आणखी गप्प राहण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिनं मधे एकदाही तोंड घातलं नाही, जे तिच्या बाबतीत नवलच होतं. सगळं ऐकल्यावर ती खाटेच्या कडेला टेकली.

"आणि मी इतकी वर्षं गुडघ्यांना तेल चोळतेय," ती म्हणाली. मग, "त्याची बहीण आहे अजून. पुतळेवाल्या बाईकडे नंतर जा. आधी घरच्यांकडे जा."

वैमानिकाची बहीण टेलिफोनच्या कचेरीतून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली होती आणि औषधांच्या दुकानावरच्या, मावशीच्या त्याच दोन खोल्यांत एकटी राहत होती. भाऊ गेला तेव्हा अठराची, आता पासष्टची. दर स्मृतिदिनाला तिला स्टेजवर फोटोशेजारी बसवत. ती हात मांडीवर ठेवून बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघायची. डागवाले दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढले. खिशात जुनं पाकीट, पाकिटात सदऱ्यातली ती निगेटिव्ह, पेन्सिल न लागलेली. जिना बावीस पायऱ्यांचा होता आणि ते तीनदा थांबले.

ती टेबलाशी वाटाणे सोलत होती. "या भाऊ," ती म्हणाली, जणू ते रोजच येत होते. "दमलात. बसा त्या खुर्चीत."

खुर्ची विचित्र जागी होती. खोलीकडे पाठ आणि कपाटाकडे तोंड, अशी कोणी ठेवत नाही. डागवाले टेकले, श्वास घेतला आणि मान वर केली. कपाटाच्या दाराला माणसाच्या उंचीचा आरसा होता. आरशात त्यांच्या डोक्यामागची भिंत दिसत होती, आणि भिंतीवर वैमानिक होता. भांग डावीकडे. खूण डाव्या भुवईत. डावा डोळा जरासा बारीक. पंख डाव्या छातीवर. जो स्टुडिओत कॅमेऱ्यापुढं बसला होता, जो 'माझे डाग काढू नकोस' म्हणाला होता, तोच.

"ताई," ते म्हणाले, "मी फोटो उलटा छापला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. हातातली शेंग तिनं पुरी सोलली. "आईला पहिल्याच दिवशी कळलं. भिंतीला लावला, दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, हा माझ्याकडे बघत नाहीये. मी म्हटलं, अगं दादाच आहे. तर म्हणाली, आहे दादाच, पण परक्याच्या घरी बसल्यासारखा बसलाय. दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कपाटातून चादर काढताना तिला आरशात दिसला. मग आम्ही दोघींनी कपाट ओढत ओढत इथं आणलं. खुर्ची तेव्हापासून अशीच. आई फोटोकडे पाठ करून बसायची. येणारेजाणारे म्हणायचे, बिचारीला फोटो बघवत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत? मी दुसरा छापून दिला असता. तासाभराचं काम होतं ताई. निगेटिव्ह माझ्याकडेच होती. सबंध वेळ होती."

"मी म्हटलं होतं तिला, जाऊन सांगते म्हणून. तिनं अडवलं. म्हणाली, ते पोर माझ्यासमोर त्याच्या कोटात बसून रडलंय. त्याला सांगितलंस तर पेन्सिल धरताना त्याचा हात कायमचा थरथरेल. कळेल त्याचं त्याला, येईल स्वतःहून. आला की मागू." तिनं साली गोळा करून कागदावर घेतल्या. "मला शपथ घातली. म्हणून मीही गप्प."

डागवाल्यांनी आरशातून नजर काढली. "वाट बघितली त्यांनी माझी?"

"बघितली काही वर्षं. जिन्यात पावलं वाजली की विचारायची, स्टुडिओतला का गं? मग सोडून दिलं."

डागवाल्यांना लाज वाटली, पण लाजेलाही ताकद लागते. मावशी समोरून येताना बदललेली एकेक गल्ली त्यांना आठवली. ती बाजारात पिशवी हातात धरून थांबायची ते त्यांना दिसायचं, आणि त्यांना वाटायचं, ही जाब विचारायला थांबलीय. ते बराच वेळ रडले. बहिणीनं त्यांना रडू दिलं, पाणी दिलं आणि वाटाणे उचलून आत ठेवून आली.

त्यांनी पाकीट पुढं केलं. "ही खरी. कुठंही नेली तरी छापून देतील."

तिनं पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही, परत दिलं. "मला काय करायचाय फोटो आता, भाऊ. आईला हवा होता." मग कपाटाला टेकून उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, तोही थोडाच. "पण पुतळ्याला द्या. इतकी वर्षं मी त्या फोटोशेजारी स्टेजवर बसतेय. लोक म्हणतात, बहीण कशी निर्विकार बसते बघा. शेजारी भलताच कोणीतरी ठेवलाय असं वाटतं हो मला. फोटो निदान घरी आणून आरशासमोर ठेवता येतो. चौकातल्या पुतळ्यासमोर मी काय धरू? कंटाळले मी. दमले."

"मीही," डागवाले म्हणाले.

दुपारी दोघं मिळून शिल्पकार बाईंच्या शेडवर गेले. बंद पडलेल्या गिरणीचं पत्र्याचं गोदाम, मधोमध ओल्या फडक्यात गुंडाळलेला साडेसहा फुटी मातीचा माणूस. डागवाल्यांनी पाकीट काढलं आणि सगळं सांगितलं. पुन्हा सांगताना ते आणखी लहान झालं. चार वाक्यांत संपलं. बाईंनी हात धुतले, पुसले आणि निगेटिव्ह खिडकीला धरली.

"चकचकीत बाजू तुमच्याकडे," डागवाले म्हणाले. "तशी धरलीत की माणूस बरोबर दिसतो."

बाईंनी पुष्कळ वेळ बघितलं. मग पुतळ्यावरचं फडकं उतरवलं, पुन्हा निगेटिव्ह बघितली आणि लाकडी सुरी घेऊन मातीच्या डोक्यावरचा भांग एका फटक्यात खरवडून टाकला. "साचा दहा दिवस पुढं ढकलते," त्या म्हणाल्या. "चेहरा सगळाच नव्यानं घडवावा लागेल, नुसतं इकडचं तिकडं करून भागत नाही. समितीला यातलं काही सांगू नका. सांगितलंत तर तीन सभा होतील आणि एक उपसमिती."

"छातीपण त्याची नाही," डागवाले म्हणाले. आता सुटलेच होते तर सगळंच. "माझी आहे."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग मातीकडे बघितलं. "तरीच," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते, विमान चालवणारा माणूस फोटोत एवढा खांदे पाडून का बसलाय." बहीण हसली. डागवाल्यांनी तिला हसताना पूर्वी पाहिलेलंच नव्हतं.

दहा दिवस दोघं रोज दुपारी शेडमध्ये जाऊन बसायचे. बहीण सांगायची, कान असे नव्हते, हनुवटी अशी होती, खांदे मागे टाकून चालायचा, आई म्हणायची छाती काढून कुठं निघालास. डागवाले फार बोलत नसत. एकदा बाईंनी भुवईतली खूण जरा सौम्य केली, शोभावी म्हणून, तेव्हा ते उठून पुढं गेले आणि म्हणाले, "राहू द्या ती आहे तशी. त्यानं सांगितलं होतं." बाईंनी खूण पुन्हा खोल केली.

स्मृतिदिनाला चौकात मांडव नव्हता, नुसत्या खुर्च्या होत्या आणि ऊन होतं. डागवाले तिसऱ्या रांगेत कडेला बसले, शेजारी बायको. वाचनालयातला फोटो नेहमीप्रमाणे आणून टेबलावर उभा केला होता, पुढं पुष्पचक्र. नगराध्यक्षांनी दोरी ओढली. ती पहिल्यांदा अडकली, मग कारकुनानं मागून ओढली, आणि पडदा खाली आला.

टाळ्या वाजल्या, पण लगेच पातळ झाल्या. लोक पुतळ्याकडे बघत होते, टेबलावरच्या फोटोकडे बघत होते आणि पुन्हा पुतळ्याकडे. "तोच आहे का हा?" मागे कोणीतरी म्हणालं. "काहीतरी वेगळंच वाटतंय," दुसरा म्हणाला. "बाहेरच्या कलाकाराला काम दिलं की असं होतं. हात दाखवून अवलक्षण." एका शिक्षिकेनं बोट करून दाखवलं की भांग चुकलाय, आणि मग ते सगळ्यांनाच दिसलं. कुजबुज पहिल्या रांगेपर्यंत पोचली. नगराध्यक्षांनी भाषण काढलं, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

स्टेजवर बहीण खुर्चीत बसली होती. भाषण चालू असतानाच ती उठली. कार्यक्रमपत्रिकेत तिचं उठणं नव्हतं. तिनं टेबल, फोटो, पुष्पचक्र सगळ्याला वळसा घातला, तीन पायऱ्या उतरली आणि पुतळ्याच्या समोर जाऊन उभी राहिली, सरळ, मान वर करून. नगराध्यक्ष घुटमळले आणि त्यांनी उरलेलं भाषण तिच्या पाठीला उद्देशून संपवलं.

कारकून खुर्च्यांच्या कडेनं वाकत वाकत डागवाल्यांपाशी आला. त्याचा चेहरा पडला होता. "काका, काय केलंत हे?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "त्या बाई म्हणतात तुमच्या निगेटिव्हवरून केलाय. तुम्ही उलटी दाखवलीत ना? आता समितीला काय तोंड दाखवू मी? आयुष्यभर हेच काम केलंत, आणि एवढी साधी चूक?"

बायको काहीतरी बोलणार होती. डागवाल्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"हो," ते म्हणाले. "निगेटिव्ह उलटी पडली माझ्या हातून. चुकलंच. तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

त्यांना वाटलं होतं, हे वाक्य कधी चारचौघांत बोललो तर काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. कारकुनानं उसासा टाकला, घड्याळ पाहिलं. मग म्हाताऱ्या माणसाला फार बोललो असं वाटून त्यानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

"जाऊ द्या काका, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "एवढं निरखून कोण बघतंय."

लोक उठायला लागले होते. बहीण अजून पुतळ्यासमोरच उभी होती.